लांडगा येणार आहे, असा अंदाज आहे

हवामान खात्यावर विनोद करायला परवाना लागत नाही. डॉक्टरांवर विनोद करताना माणूस जरा जपून असतो. न जाणो, उद्या त्यांच्याच पुढ्यात जीभ बाहेर काढून बसायची वेळ यायची. वकिलावर करावा तर तो नोटीस धाडेल, सासूवर करावा तर ती नेमकी दाराआड उभी असेल, आणि पुढाऱ्यावर करावा तर त्याचे कार्यकर्ते पत्ता विचारत घरी येतील. हवामान खात्याचं तसं नाही. ते बिचारं सकाळी अंदाज सांगतं, दिवसभर बोलणी खातं आणि संध्याकाळी पुन्हा नव्या उमेदीनं अंदाज सांगतं. इतकं सोशिक खातं उभ्या सरकारात दुसरं नसेल.

आमच्या इमारतीत या विनोदाचा मक्ता तळमजल्यावरच्या अप्पांकडे आहे. अप्पा निवृत्त हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना एखादं खातं हवंच होतं. ते हवामानाचं मिळालं. वर्तमानपत्र उघडून ते मोठ्यांदा वाचतात, "आज रेड अलर्ट!" मग आभाळाकडे बघतात, डोळे किलकिले करतात आणि वरच्या मजल्यांना उद्देशून पुकारतात, "वहिनी, पापड वाळत घाला हो! आज अतिवृष्टी आहे!" सगळी इमारत हसते.

अप्पांचा विशेष राग आहे तो 'तुरळक ठिकाणी' या शब्दांवर. 'कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल' हे वाक्य म्हणजे त्यांच्या मते पळवाटांचा कळस. "असं वाक्य मला नोकरीत लिहिता आलं असतं तर मी सेक्रेटरी झालो असतो," असं ते म्हणतात. खरी गोष्ट अशी की या शब्दांना चक्क मापं आहेत. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर ते 'तुरळक'. पावाच्या वर आणि निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी', तीन चतुर्थांशापर्यंत गेला तर 'बऱ्याच ठिकाणी'. हे मी अप्पांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोजून मापून गुळमुळीत बोलतात म्हणा की!"

तर असा आमचा कारभार चाललेला असताना २०१७ च्या जुलैत पेपरात एक बातमी आली. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून त्यांनी पेरणी केली. पाऊस दडी मारून बसला. बियाणं मातीत गेलं. तेव्हा ही फसवणूक आहे, आणि बियाणं-औषधं विकणाऱ्या कंपन्यांशी संगनमत करून केलेली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अप्पांना त्या दिवशी चहा गोड लागला. "कलम ४२०!" ते ओरडले. (तेव्हा फसवणुकीला तेच कलम होतं.) "आता साहेबांना विचारा म्हणावं, कोठडीत पाऊस तुरळक ठिकाणी पडेल की बऱ्याच ठिकाणी!"

सगळी इमारत हसली. फक्त आमची सौ. हसली नाही. ती सांगलीकडची. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, अंदाज चुकला तर अप्पांचं काय जातं? छत्री उगाच उचलली, एवढंच. त्यांचं बियाणं गेलंय. बियाण्याच्या पिशवीला किती पडतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

माझ्यापुढे पोळी होती. पोळी पुढ्यात आयती येणाऱ्या माणसानं बियाण्याच्या भावावर मत देऊ नये, एवढं मला कळतं. पण तिच्या प्रश्नानं डोक्यात एक भुंगा सोडला तो सोडलाच. चुकलेला अंदाज म्हणजे खोटं बोलणं का? आणि नसेल, तर बीडच्या त्या माणसानं आपल्या बियाण्याची तक्रार न्यायची कुणाकडे?

आता खोटं कशाला म्हणायचं? आपल्याला ठाऊक आहे एक, आणि सांगितलं दुसरंच, तर ते खोटं. जे ठाऊकच नव्हतं ते चुकीचं सांगितलं, तर ती चूक. आणि जे कुणालाच पुरतं ठाऊक होणं शक्य नाही, ते आपल्या अक्कलहुशारीप्रमाणे सांगितलं आणि तसं घडलं नाही, तर त्याला काय म्हणायचं? लग्न जमवताना आपण रोज हेच करतो आणि त्याला 'योग' म्हणतो.

गंमत पाहा. आमच्या पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन असतं. मृगाला कधी कोल्हा, कधी बेडूक. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याचे दाणे कुठे सरकले ते पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. ऐकायला गावोगावचे शेतकरी जमतात. आजवर कुणी बेडकावर फिर्याद केल्याचं ऐकिवात नाही. आणि हवामान खात्यावर मात्र झाली. का? तर खातं आकडा सांगतं म्हणून. २००२ साली त्यांनी सांगितलं, देशात मोसमी पाऊस सरासरीच्या १०१ टक्के पडेल. पडला ८१ टक्के. २००९ साली पहिला अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पडला ७८. हे आकडे कुणा शत्रूनं शोधून काढलेले नाहीत; खात्याच्याच दप्तरात लिहिलेले आहेत. ज्याची चूक मोजता येते त्यालाच आपण खोटा म्हणतो, आणि ज्याची मोजताच येत नाही त्याला दक्षिणा देतो. बेडूक आकडा सांगत नाही, म्हणून तो निर्दोष सुटतो.

हा तंटा काही आजचा नाही, आणि आपल्याकडचाच आहे असंही नाही. डार्विनला 'बीगल' जहाजावरून जगाची सफर घडवणारा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे इंग्लंडच्या हवामान कचेरीचा पहिला प्रमुख झाला. १८५९ साली 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वादळात सापडून शेकडो माणसं बुडाली. फिट्झरॉयला ते सहन झालं नाही. तारायंत्रानं किनाऱ्याकिनाऱ्यावरची खबर मागवून त्यानं १८६१ साली बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी वर्तमानपत्रात रोजचं भाकीतही छापून यायला लागलं. हवामानाला 'फोरकास्ट' हा शब्द त्यानंच लावला. ज्योतिष्यांच्या पंक्तीत बसायचं नव्हतं म्हणून मुद्दाम लावला. पण लोकांनी त्याला त्याच पंक्तीत बसवलं. इशारा बरोबर निघाला की कुणी बोलत नसे. चुकला की पेपरात थट्टा. होड्यांचे मालक वेगळेच चिडलेले: इशाऱ्याचा बावटा वर गेला की कोळी समुद्रावर जायला तयार होत नसत आणि धंदा बुडे. १८६५ साली फिट्झरॉयनं आत्महत्या केली. त्याला कारणं अनेक होती: कर्ज होतं, प्रकृती ढासळली होती, मन तर आधीपासूनच हळवं. पण चार वर्षांच्या थट्टेनं त्या मनाला बरं वाटलं असेल असं काही म्हणता येत नाही.

त्याच्यामागे विद्वानांची समिती बसली. तिनं ठरवलं की या इशाऱ्यांना शास्त्राचा पुरेसा आधार नाही. १८६६ च्या अखेरीस ते बंद केले. आणि मग काय झालं? किनाऱ्यावरच्या लोकांनी ओरडा केला की आमचे इशारे परत द्या! पुढच्याच वर्षी ते परत सुरू करावे लागले. शास्त्रज्ञांना अचूक भाकीत हवं होतं. ज्याला होडी घेऊन पाण्यात उतरायचं होतं त्याचा हट्ट तेवढा नव्हता. कुणीतरी किनाऱ्यावर उभं राहून आपल्यासाठी आभाळाकडे बघतंय, एवढंही त्याला पुष्कळ होतं.

लहानपणी आपण सगळ्यांनीच 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट ऐकलेली आहे. पोरगं खोटं ओरडलं, गाव धावून आलं, पोरगं हसलं. तिसऱ्यांदा खरंच लांडगा आला तेव्हा कुणी आलं नाही. तात्पर्य: खोटं बोलू नये. तात्पर्य बरोबरच आहे, पण गोष्ट फार सोपी करून सांगितलेली आहे. समजा, ते पोरगं प्रामाणिक आहे. त्याला लांडगा दिसलेला नाही, फक्त पलीकडचं गवत हललेलं दिसलं. ते लांडग्यानं हललं असेल, सशानं असेल, वाऱ्यानंही असेल. आता त्यानं ओरडावं की नाही? लांडग्याचे दात दिसेपर्यंत थांबलं तर पोरगं कधीच खोटं ठरणार नाही, पण मेंढ्याही उरणार नाहीत. गवत हललं की ओरडलं तर मेंढ्या वाचतील, पण गाव वैतागेल. दोन्ही चुका एकदम टाळायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. नजर तीक्ष्ण करता येते, म्हणजे रडार बसवता येतं, उपग्रह सोडता येतात. त्यानं दोन्ही चुका कमी होतात. पण शेवटी कुठल्या तरी हालचालीला ओरडायचं हे ठरवावंच लागतं.

त्याचा हिशेबही सोपा आहे, अप्पांसारख्या हेडक्लार्कला पटेल असा. समजा, सावध होण्याचा खर्च १ रुपया आहे आणि बेसावध सापडलो तर नुकसान १०० रुपये. मग पुराची शक्यता ५० त एक असली तरी सावध व्हायलाच हवं. ५० वेळा सावध होण्याचे ५० रुपये जातील, पण १०० वाचतील. याचा अर्थ काय झाला? शहाणपणानं वागणारं खातं ५० पैकी ४९ वेळा 'खोटं' ठरेल, आणि तरीही त्यानं ५० ही वेळा योग्यच केलेलं असेल. हा हिशेब मी अप्पांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी बेरीज दोनदा तपासली. चूक सापडेना, तेव्हा म्हणाले, "कागद तुमच्याकडेच ठेवा."

उलट बाजूची चूकही आपण पाहिलेली आहे. २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. एकाच शहराची ही दोन टोकं. एकीकडे माणसं मोटारींत गुदमरून गेली, दुसरीकडे नेहमीसारखा पावसाळी दिवस. इतका मोठा आकडा आदल्या दिवशी कुणी उच्चारला नव्हता. आणि उच्चारला असता तर आपण किती हसलो असतो, याचा अंदाज मात्र मी छातीठोक देऊ शकतो.

आता हे सगळं तर्कशास्त्र एका माणसाला माझ्या आधीच ठाऊक होतं. ते म्हणजे आमच्या सौ.चे सांगलीचे मामा. मामांचं घर जुनं, बैठं, नदीपासून फारसं लांब नाही. २००५ च्या पुरात पाणी त्यांच्या दारासमोर तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं आणि परत गेलं. मामांनी तिथे तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारली. पुढे चौदा वर्षं ती रेघ हाच मामांचा हवामान विभाग होता. पाहुणे आले की रेघ दाखवायची आणि म्हणायचं, "कृष्णामाई याच्या वर येत नाही. दंडक आहे."

२०१९ च्या ऑगस्टात रिक्षावर भोंगा लावून लोक सांगत फिरले, घरं सोडा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. मामा म्हणाले, "रेघ आहे ना!" पाण्याला रेघ वाचता येत नव्हती. त्या वर्षी ते आयर्विनजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. मामा-मामी शेजारच्या गच्चीवरून होडीत उतरले. मामींचं शिवणयंत्र गेलं, फ्रीज गेला, आणि भिंतीवरचे चार पिढ्यांचे फोटो गेले. मामी फ्रीजबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. "फोटोतली माणसं दुसऱ्यांदा गेली," एवढंच म्हणाल्या.

२०२१ च्या जुलैत भोंगा वाजला तेव्हा मामा रेघेकडे न बघता निघाले. पाणी पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेलं. माणसं आणि सामान सगळं सुखरूप. मग २०२४ चा जुलै आला. पुन्हा इशारा. मामांनी दोन दिवस हमाली करून सगळं घर भाच्याच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. पाणी इशारा पातळीच्या आसपास घुटमळलं आणि ओसरायला लागलं. मामांची पायरी कोरडी ठणठणीत. गल्लीतली मंडळी जमली. "काय मामा, फुकट हमाली झाली की!"

मामांनी खुर्ची खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, "फुकट कशी? तीस वर्षं विम्याचा हप्ता भरतोय. अजून मेलो नाही म्हणून एजंटाशी भांडायला जाऊ का?"

एवढं सांगायला मला दोन पानं लागली. मामांनी ते खुर्चीसकट एका दमात सांगितलं.

पण मामांचं उत्तर बीडच्या शेतकऱ्याला लागू पडत नाही, आणि इथेच खरी मेख आहे. पुराचा इशारा चुकला तर माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. पावसाचा अंदाज चुकला तर दुबार पेरणी करतो, तीही दुबार कर्ज काढून. शिवाय सावध होण्याचा तो १ रुपया सगळ्यांना सारखा नसतो. रेड अलर्टला शाळा बंद होते तेव्हा माझा नातू गादीवर उड्या मारतो. हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो, कोळ्याची होडी वाळूत पडून राहते. ५० पैकी ४९ वेळांचे रुपये काही ठरावीक खिशांतूनच जातात, आणि वाचलेले १०० मात्र आपण सगळे मिळून वाचवलेले असतात. अंदाज चुकणं हा गुन्हा नाही. पण त्या चुकीचं बिल नेहमी त्याच माणसाच्या हातात ठेवणं याला काय म्हणायचं, ते मला अजून कुठल्या कलमात सापडलेलं नाही. तो शेतकरी पोलिसांत गेला, कारण जायला दुसरी कचेरीच नव्हती.

धरणावरच्या साहेबाचीही अशीच पंचाईत. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं. ऑगस्टात धरण भरलेलं नसेल तर उन्हाळ्यात लोक टँकर मोजत त्याला शिव्या देतात. भरलेलं असेल आणि वरून मुसळधार सुरू झाली तर दरवाजे उघडावे लागतात आणि खालचे लोक शिव्या देतात. एकाच भांड्यात दुष्काळाची सोय करायची आणि पुराचीही. म्हणजे डबा भरून ठेवायचा आणि रिकामाही ठेवायचा. त्याच्या हाताशी असतो तो एक अंदाज. तोही बहुधा तुरळक ठिकाणचा.

आणि अंदाज बरोबर निघाला तर तरी कौतुक होतं का? १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशावर महाचक्रीवादळ आलं. सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ साली तिथेच 'फायलिन' आलं. या वेळी सुमारे १० लाख माणसं आधीच हलवली होती. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. पेपर वाचून अप्पा म्हणाले, "बघा! एवढा गाजावाजा केला, आणि काही झालं नाही!" काही झालं नाही, हेच तर झालं होतं. इशारा जितका कामाला येतो तितका तो मागाहून अनाठायी दिसतो. आईनं 'पडशील' म्हणून ओरडावं, पोरगं न पडता खाली यावं आणि वर म्हणावं, 'कुठे पडलो?', त्यातलाच प्रकार.

तेव्हा या भुंग्याचा मी माझ्यापुरता असा निकाल लावला आहे. सांगणाऱ्याचं कर्तव्य एवढंच की जे ठाऊक आहे ते वेळेवर सांगावं, किती ठाऊक आहे तेही सांगावं, ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगावं. आणि चुकलं तर तसं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला उभं राहावं. ऐकणाऱ्याचं कर्तव्य असं की इशाऱ्याला वचन समजू नये. आणि ज्यांचं चुकलेल्या अंदाजानं काहीच जात नाही अशा आपल्यासारख्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींचं कर्तव्य असं की, ज्यांचं जातं त्यांच्या नुकसानीत, पीकविम्यातून म्हणा, करातून म्हणा, आपला रुपया घालावा. मेंढ्या सगळ्या गावाच्या आहेत, तर धावण्याचे श्रमही सगळ्या गावानं वाटून घ्यावेत. त्या पोराला मात्र गवत हललं की ओरडू द्यावं.

हा निकाल मी अप्पांना वाचून दाखवला. त्यांनी लेखनिकाच्या नजरेनं तो ऐकला, दोन ठिकाणी विरामचिन्हं सुधारली आणि विचारलं, "म्हणजे आता विनोदही करायचा नाही का?"

विनोद जरूर करावा. पावसाळ्याचे चार महिने माणसानं नुसतं गंभीर राहून काढायचे म्हणजे काय! फक्त हसताना छत्री हातात असावी, आणि सांगलीच्या वाटेला लागलेलं ढगांचं तांडं दिसलं तर हसणं अर्धवट सोडून मामांना एक फोन करावा. मामा तोवर खुर्च्या वर नेऊन बसलेले असतात, ही गोष्ट वेगळी.